न दिसणाऱ्या बटणांची स्तुती

पाठीवरच्या पिशवीखाली कोटाला दोन बटणं असतात. ही गोष्ट १८१५ सालच्या इंग्रज पायदळातल्या शिपायाची. लाल कोटाच्या शेपट्या कमरेपाशी जिथून सुरू होतात, तिथे मागच्या अंगाला ती दोन बटणं. टेबलावरच्या युद्धखेळासाठी जे २८ मिलिमीटर उंचीचे शिपाई बनतात, त्यांतल्या काहींच्या पाठीवर मूर्तिकाराने ही बटणंसुद्धा कोरलेली असतात. मग पिशवीचा वेगळा तुकडा पाठीला चिकटवायचा असतो, आणि तो चिकटला की बटणं कायमची झाकली जातात. ती आधी नीट रंगवून मगच पिशवी चिकटवणारी माणसं या जगात आहेत.

त्यांच्या वेडाची स्तुती करण्यासाठी हा लेख लिहिला आहे. शहाणपणाची बाजू मांडणारे घरोघरी असतात, वेडाला मात्र वकील मिळत नाही. मी हे वकीलपत्र खुशीने घेतो आहे. माझा अशील वेडा नाही असं मी म्हणणार नाही. तो वेडा आहे, त्याने तसंच राहावं, आणि त्याच्यासारखे आणखी पुष्कळ निघावेत, एवढंच माझं म्हणणं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठं टेबल, त्यावर रंगवलेल्या टेकड्या, कापडी रस्ते, तारेची झाडं, दोन-चार घरं. दोन्ही बाजूंना शेकडो चिमुकले सैनिक, एखाद्या खऱ्या लढाईच्या मांडणीप्रमाणे उभे केलेले. पलटण एका खेपेत किती इंच चालेल ते मोजपट्टी सांगते, गोळीबारात किती पडले आणि उरलेले टिकले की पळाले ते फासे सांगतात. या वेडाचं माहेर ब्रिटन. नॉटिंगहॅम आणि आसपासच्या भागात मूर्ती घडवणाऱ्या कंपन्यांची दाटी आहे. पण खेळाबद्दल मला फारसं बोलायचंच नाही. खेळ एका दुपारचा असतो. त्याच्या आधीचे महिने रंगकामाचे असतात, आणि खरं वेड तिथे आहे.

काम असं चालतं. मूर्ती हाती आली की साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे राहिलेली बारीक रेघ धारदार पात्याने आणि कानशीने काढायची. ही रेघ खांद्यावरून, कानाजवळून, बंदुकीच्या नळीवरून जाते. ती तशीच राहिली तर पुढचा सगळा रंग तिच्यावर अडखळतो. मग साबणाच्या पाण्याने धुणं, मग प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. काळा प्रायमर लावावा की पांढरा, यावर या लोकांत जन्मभराचे तट पडलेले आहेत. काळ्यावर खोबणींतली सावली आपोआप मिळते, पांढऱ्यावर लाल-पिवळे रंग खुलतात. करड्यावर दोन्ही थोडं थोडं जमतं, म्हणून करडा वापरणारा दोन्हीकडून संशयित.

त्यानंतर एकेक रंग तीन छटांमध्ये: आधी गडद, त्यावर मधला, उंचवट्यावर उजळ. खरा कोट इतक्या लहान आकारात नुसता लाल रंगवला तर तो कोट वाटत नाही, लाल ठिपका वाटतो. २८ मिलिमीटरच्या शिपायाच्या चुण्यांत खरी सावली पडायला जागाच नसते, म्हणून ती रंगाने पाडावी लागते. पातळ तपकिरी वॉश खोबणीत सोडला की तो चुण्यांत, बोटांच्या मधे, दाढीच्या मुळाशी जाऊन बसतो. कोरड्या ब्रशने फिकट रंग नुसता वरवर फिरवला की केसाळ टोपीचा एकेक केस उठून दिसतो. ब्रशही साधा चालत नाही. विन्सर अँड न्यूटन कंपनीने १८६६ साली राणी व्हिक्टोरियाच्या जलरंगांसाठी जी सिरीज सेव्हन नावाची कुंचल्यांची मालिका बनवली, तीच आज शिपायाच्या नाकाचा शेंडा उजळायला वापरतात. तिचे केस कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या शेपटीचे. राणीच्या आवडीचा कुंचला आणि रोज एक शिलिंग पगाराचा शिपाई यांची भेट फक्त या टेबलावर होते, आणि मला ती अगदी न्याय्य वाटते.

डोळ्यांचं काय करायचं, हा सर्वांत मोठा प्रश्न. व्यवहारी मंडळी म्हणतात, तीन फुटांवरून बरं दिसलं की पुरे. तेवढ्या अंतरावर माणसाचे डोळे दिसत नाहीत, कपाळाखालची सावली दिसते; म्हणून डोळे सोडून द्यावेत. हे म्हणणं बरोबर आहे. तरीही दुसरा पक्ष खोबणीत आधी पांढरी रेघ ओढतो, तिच्यावर गडद बिंदू ठेवतो, बिंदू सरकून शिपाई चकणा झाला की चेहऱ्याच्या रंगाने सगळं पुसतो आणि पुन्हा सुरुवात करतो. मी निःसंशय या दुसऱ्या पक्षाचा आहे. डोळे असलेला शिपाई कुठेतरी पाहत असतो. कुठेतरी पाहणाऱ्याला नुसती सोंगटी म्हणता येत नाही. पुढे मी जे सांगणार आहे ते सारं या एका बिंदूवर उभं आहे.

गणवेशाची विद्या तर वेगळ्या लेखाचाच विषय. वॉटर्लूला लढलेल्या सर्व इंग्रज पलटणी लाल कोटाच्या, असं आपण म्हणून मोकळे होतो. रंगवणाऱ्याला तेवढ्यावर सुटका नाही. साध्या शिपायाच्या कोटाचा लाल मंजिष्ठेचा, विटकरीकडे झुकणारा; अधिकाऱ्याचा लाल किरमिजी किड्याच्या रंगाचा, झळझळीत. म्हणजे एकाच पलटणीत दोन लाल हवेत. कॉलर आणि मनगटपट्टीचा रंग पलटणीगणिक निराळा. एकाच ब्रिगेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या ३३व्या पलटणीचा लाल, ३०वीचा फिकट पिवळा, ७३वीचा गडद हिरवा. छातीवरच्या फितीच्या पट्ट्या कुठे एकेक अंतराने, कुठे जोडीजोडीने. मूर्तीवर ती फीत मिलिमीटरभरही रुंद नसते. आणि लढाईच्या आदल्या रात्री, १७ जूनला, धो धो पाऊस पडला होता, माणसं चिखलात झोपली होती, हे माहीत असलेला रंगारी स्वच्छ पाटलोणीचा शिपाई टेबलावर ठेवूच शकत नाही. गुडघ्यापर्यंत चिखल आला पाहिजे, आणि तोही बेल्जियमच्या शेतातल्या मातीच्या रंगाचा.

माती आली म्हणजे बेसिंग आलं, शिपाई ज्या बैठकीवर उभा असतो ती सजवण्याचं काम. ज्यांना हे वेड नीट कळलेलं नाही ते रंगकामापाशी थांबतात. जाणकार बैठकीकडे आधी पाहतात, कारण मूर्ती माणूस सांगते आणि बैठक ठिकाण सांगते. लाकडी भुशाच्या पातळ फळीचा लेझरने कापलेला तुकडा किंवा एखादं नाणं, त्यावर गोंद, गोंदावर वाळू आणि खडे. वाळलं की त्यावर गडद तपकिरी रंग, त्यावर कोरड्या ब्रशने खाकी, त्यावर शेवटचा हात हस्तिदंती. मग गवत. कृत्रिम गवताचे धागे विजेच्या भाराने उभे राहतील असे शिंपायचे, नाहीतर तयार झुबके बसवायचे. बर्च झाडाचे वाळलेले तुरे चुरले की त्यांतून अगदी पानाच्या आकाराचे तुकडे निघतात; या मापाला ते पानगळ म्हणून शोभतात, आणि कोणत्याही कारखान्याला त्याहून चांगली पानं करता आलेली नाहीत. वाळवलेली चहापत्ती जंगलाच्या जमिनीला चालते. स्पेनमधल्या मोहिमेसाठी गवत पिवळं आणि विरळ, फ्लँडर्ससाठी हिरवं आणि दाट, रशियातल्या माघारीसाठी बर्फ, आणि त्या बर्फात मागच्या माणसाच्या पावलांचे ठसे. हे सगळं इंचाहून लहान जागेत करायचं असतं.

आता या वेडाचं शिखर सांगतो. प्रत्येक नियमावलीला स्वतःचं माप असतं. ब्रिटनमधल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने १९६९पासून प्राचीन युद्धांसाठी जे नियम काढले, त्यांच्या परंपरेत जवळजवळ उभे राहणारे चार भालाईत ६० मिलिमीटर रुंदीच्या एका बैठकीवर बसतात. दुसरी नियमावली म्हणते, प्रत्येक शिपाई २० मिलिमीटरच्या चौकोनावर सुटा हवा. तिसरी म्हणते चौकोन नको, गोल हवा. नवी नियमावली आली आणि आवडली की शेकडो शिपाई जुन्या बैठकीवरून पात्याने उचकटायचे, पायाखालची वाळू खरवडायची, नव्या तुकड्यावर चिकटवायचे आणि माती, खडे, गवत, पानगळ पुन्हा पहिल्यापासून. याला रीबेसिंग म्हणतात. तयार, देखणं, पूर्ण झालेलं काम मोडून तेच काम पुन्हा करण्याचा हा प्रकार. व्यवहारात याची बाजू घेण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच मला त्याबद्दल सर्वांत जास्त आदर आहे. वस्तू संपवून टाकायची घाई ज्याला आहे त्याने या वाटेला जाऊच नये. इथे माणूस एका शिपायाशी दोनदा, तीनदा, दहा वर्षांनी पुन्हा बसतो.

आणि एवढं करून पहिल्या लढाईत ही पलटण पळून जाते. नवी रंगवलेली पलटण पहिल्या सामन्यात हमखास पळते, अशी या मंडळींत जुनी समजूत आहे. महिनोन्‌महिने ज्यांच्या बकलांना चकाकी दिली ते पहिल्याच फाशात टेबलाच्या कडेला जातात. रंगवणारा हसतो, त्यांना डब्यात ठेवतो, घरी जाऊन पुढचे रंगवायला घेतो.

कुणी म्हणेल, तयार रंगवलेले का घेत नाहीत? मिळतात की. युरोपातल्या खेळाडूंच्या पलटणी रंगवून परत पाठवणारे कारागीर श्रीलंकेत आहेत आणि त्यांचं काम सफाईदार असतं. ज्याला फक्त खेळायचं आहे त्याने जरूर तसं करावं. पण आपल्या वेड्याला जे मिळतं ते त्याला मिळणार नाही. वेड्याला त्या पलटणीतला ढोलकी वाजवणारा पोऱ्या ओळखता येतो, कारण त्याच्या ढोलाच्या दोऱ्या त्याने एकेक करून ओढलेल्या असतात.

या वेडावर तीन आरोप नेहमी होतात. वेळ जातो हा पहिला. वेळ जातोच, आणि मला त्याचं उत्तर देण्याची गरज वाटत नाही. वेळ सगळ्यांचाच जातो. हा पोरखेळ आहे, हा दुसरा. तिसरा मात्र गंभीर आहे: ही युद्धाची पूजा आहे. याचं उत्तर दिलंच पाहिजे, आणि ते इतिहासातच आहे.

१८१२ साली बॅरन फॉन राइसविट्झ यांनी प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याला युद्धाचा एक खेळ करून दिला. त्यांच्या लष्करी अधिकारी मुलाने तो सुधारून १८२४ साली नियमांसकट प्रसिद्ध केला. हा क्रीगस्पील. प्रमाणबद्ध नकाशा, फासे, मधे पंच, आणि सैन्य म्हणून लाल व निळ्या रंगाचे छोटे आयताकृती ठोकळे. ठोकळ्याला चेहरा नाही, पिशवी नाही, बटण नाही. प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख फॉन म्यूफलिंग यांनी तो पाहिला आणि हा खेळ नसून युद्धाचं शिक्षण आहे असं मानून साऱ्या सैन्यात त्याची शिफारस केली. पुढे १८६६ आणि १८७०च्या युद्धांत प्रशियाला यश मिळालं, तेव्हा इतर देशांच्या सैन्यांनीही तो घाईने उचलला. शहाण्या, जबाबदार, व्यवहारी माणसांनी आपल्यासाठी निवडलेला युद्धखेळ हा असा आहे. त्यात चूक काही नव्हती. नकाशावर पलटण हलवायला ठोकळा पुरतो. पण ठोकळा पुरतो म्हणूनच तो धोक्याचा. दहा ठोकळे गेले की दहा ठोकळे गेले.

डोळे रंगवणाऱ्यांची परंपरा दुसरीकडून आली. १८९३ साली लंडनमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली आणि ते स्वस्त झाले. लहान मुलांच्या त्या शिपायांना घेऊन एच. जी. वेल्स जमिनीवर बसले. सोबतीला स्प्रिंगने लाकडी गोळी उडवणारी खेळण्यातली तोफ, आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यांच्या टेकड्या. १९१३ साली त्यांचं 'लिटल वॉर्स' आलं. वेल्स युद्धाचे भक्त नव्हते. त्या पुस्तकाच्या शेवटी ते सांगतात की खरं युद्ध ही किती अवाढव्य आणि गबाळी चूक आहे ते कळायला छोटं युद्ध काही वेळा खेळून पाहावं. ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांना खेळण्यातल्या तोफा देऊन खोलीत बसवावं. पुढच्याच वर्षी ठोकळे हलवणाऱ्यांनी खरं महायुद्ध सुरू केलं.

कुणी इथे चर्चिल यांचं उदाहरण देईल. लहानपणी त्यांच्याकडे सुमारे दीड हजार शिपाई होते; वडिलांनी ते मांडलेले पाहिले, लष्करात जायचं का विचारलं, आणि मुलगा हो म्हणाला. हे खरं आहे. पण ते शिपाई दुकानातून रंगवूनच आलेले होते. ते ज्याने रंगवले त्या कारागिराने कुठल्याच देशावर स्वारी केल्याची नोंद नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हा खेळ नव्याने उभा केला तो कुणी, हेही पाहावं. १९६२ साली 'वॉर गेम्स' लिहिणारे डोनाल्ड फेदरस्टोन महायुद्धात रणगाडा दलात होते. व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, म्हणजे मोडलेली शरीरं पुन्हा चालती करणारे. १९६७ साली 'चार्ज!' हे नियमांचं पुस्तक जेम्स लॉफर्ड यांच्यासोबत लिहिणारे ब्रिगेडियर पीटर यंग कमांडो होते, दियेप आणि नॉर्मंडीत लढलेले, शौर्यपदकं मिळवलेले. या माणसांनी खरी माणसं पडताना पाहिली होती. घरी येऊन ते टेबलाशी बसले आणि शिशाच्या शिपायांना कॉलरचा योग्य रंग आहे की नाही हे पाहू लागले. यात मला विसंगती दिसत नाही. ज्याने खरं पाहिलं आहे तोच एकेका माणसाच्या कॉलरची चौकशी करील.

मूर्तिकारांतही असा एक माणूस आहे. मायकेल आणि ॲलन पेरी हे जुळे भाऊ ऐतिहासिक मूर्तींसाठी जगभर ओळखले जातात. जुन्या लढाईचा पुनर्प्रयोग चालू असताना तोफेच्या अपघातात मायकेल यांनी उजवा हात गमावला. ते डाव्या हाताने मूर्ती घडवायला शिकले आणि आजही घडवतात. आज या मंडळींच्या टेबलांवर जे शिपाई उभे आहेत त्यांतले कितीतरी त्या डाव्या हाताचे आहेत.

या वेडाचा खरा हुतात्मा मात्र कॅप्टन विल्यम सायबोर्न. १८३० साली ब्रिटिश सरसेनापतींच्या कार्यालयाने त्यांना वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायला सांगितलं. शहाण्या माणसाने दोन-तीन पुस्तकं वाचून ती केली असती. सायबोर्न जाऊन रणभूमीच्या मधोमध असलेल्या ला हे सांत या शेतघरात राहिले, आणि आठ महिने त्यांनी जमिनीचा चढउतार मोजला. मग लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली: संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची पलटण नेमकी कुठे होती, कशी उभी होती, समोर शेतात पीक कोणतं होतं? पिकाची चौकशी करणारा हा पहिला लष्करी इतिहासकार असावा. उत्तरं शेकड्यांनी आली. १८३३ साली सरकारने पैसे बंद केले. त्यांनी कर्ज काढून काम चालू ठेवलं. १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती लोकांसमोर आली: सुमारे चारशे चौरस फूट जमीन आणि तिच्यावर एकेक करून रंगवलेले सत्तर हजारांहून अधिक शिपाई, प्रत्येक जेमतेम एक सेंटिमीटरचा.

अडचण एवढीच झाली की पत्रांनी आणि मोजणीने जे दाखवलं ते वॉटर्लूचे विजयी सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना पटलं नाही. सायबोर्न यांच्या मांडणीत प्रशियन सैन्य मोठ्या संख्येने आणि वेळेवर आलेलं दिसत होतं. विजयाचा वाटेकरी इतका ठळक दिसावा हे ड्यूकच्या मंडळींना नको होतं. अखेर सायबोर्न यांनी हजारो प्रशियन शिपाई प्रतिकृतीवरून उचलले. पैसे कधीच फिटले नाहीत. १८४९ साली ते वारले. पण ती पत्रं राहिली. त्यांच्या मुलाने १८९१ साली त्यांतली निवडक प्रसिद्ध केली, आणि वॉटर्लूवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला आजही त्यांच्याकडे जावं लागतं. लढाईत कोण कुठे उभं होतं हे सैन्याच्या दप्तराने गोळा केलं नव्हतं. शिपाई नेमक्या जागी चिकटवायचा होता म्हणून एका वेड्याने विचारलं, आणि ते कळलं. प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. लंडनला राहणाऱ्या किंवा जाणाऱ्या मराठी माणसाने ती जाऊन पाहावी, असं मी आग्रहाने सांगतो.

ड्यूकचं नाव निघालं की आपल्याला घरी यावंच लागतं. हे ड्यूक होण्याआधी मेजर जनरल आर्थर वेलस्ली होते, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी ते आजच्या जालना जिल्ह्यात, असई गावापाशी होते. केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या जमिनीवर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचं सैन्य उभं होतं. त्यात हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखालचे कवायती कंपू, बेगम समरूच्या पलटणी, आणि शंभराच्या आसपास तोफा. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मधे उतार असणारच असा वेलस्लींनी तर्क केला आणि सैन्य पलीकडे उतरवलं. शिंद्यांच्या पायदळाने शत्रू बगलेवर आलेला पाहून सबंध फळी वळवून नवं तोंड धरलं. हे काम युरोपातल्या चांगल्या पलटणींनाही कठीण, आणि ते पाहून इंग्रज थक्क झाले. इंग्रजांची दीड हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे लढलेल्यांतला तिसरा हिस्सा. आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी विचारल्यावर ड्यूकने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं, असं सांगतात.

इंग्लंडमध्ये असई टेबलावर खेळली जाते. एका मूर्तीला वीस माणसं असं प्रमाण धरलं, तर पोलमनच्या दहा हजारांच्या आसपासच्या कवायती पायदळासाठी पाचशे शिपाई रंगवावे लागतात. आणि ते रंगवायला बसणारा माणूस आपल्या पाठ्यपुस्तकाने कधीच न विचारलेले प्रश्न विचारतो. या पलटणींच्या कोटाचा रंग कोणता? पागोट्याचा कोणता? पायात जोडे की अनवाणी? गोलंदाज कोणते कपडे घालून तोफेशी मरेपर्यंत उभे राहिले? असईच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, हे शत्रूनेच लिहून ठेवलं आहे. आपण त्यांना 'शिंद्यांची फौज' एवढ्या दोन शब्दांत आटोपतो. सप्टेंबरअखेरची मराठवाड्यातली जमीन, पावसाने फुगलेली काळी माती, शेतात उभं पीक: यातलं काय बैठकीवर यावं, हेही त्याला ठरवावं लागतं. असईच्या मातीचा रंग कसा जमवायचा याची काळजी करणारा एखादा माणूस यॉर्कशरमध्ये असू शकतो. त्याला वेडा म्हणणाऱ्या आपल्याला त्या मातीचा रंग आठवतो का, हे आपण स्वतःला विचारावं.

आपल्याकडे या वेडाचं बी नाही असं नाही. दिवाळीत अंगणात किल्ला होतो, त्यावर अळीव पेरून हिरवळ आणतात, बुरुजांवर मातीचे मावळे उभे राहतात. बेसिंग ते याहून वेगळं काय असतं? फक्त आपण मावळे रंगवलेले विकत आणतो, सगळे एकाच साच्याचे, एकाच रंगाचे, आणि भाऊबीज झाली की पोत्यात भरतो. मुलाचा हात फक्त मातीला लागतो. शिपायाला लागतच नाही.

म्हणून ज्यांच्या घरी किल्ला होतो त्यांना माझी विनंती आहे. येत्या दिवाळीला कुंभाराकडे न रंगवलेले मावळे मागा, तो देईल. एक बारीक ब्रश आणि चार रंग मुलांच्या हाती द्या. पागोटं कोणत्या रंगाचं, कमरेला काय बांधलं होतं, पायात काय होतं, हे मुलं विचारतील. उत्तर माहीत नसेल तर त्यांना घेऊन एखाद्या वस्तुसंग्रहालयात जा, जुनी चित्रं पाहा, मग रंगवायला बसा. आणि मूल मावळ्याची पाठ रंगवू लागलं, तर पाठ कुणाला दिसणार आहे असं त्याला कृपा करून सांगू नका.